चिंचेने घासलेली मोटार : पत्र्याची जुनी खेळणी कशी वाचावीत आणि कशी जपावीत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. ते ओसरल्यावर घराघरांतून ट्रंका, पेट्या आणि पिंपे अंगणात आली आणि ज्या वस्तूंची कोणाला आठवणही उरली नव्हती, त्या चिखलातून वर निघाल्या. आमच्या ट्रंकेत लग्नपत्रिका आणि जुनी पासबुके यांच्या लगद्याखाली आजोबांच्या लहानपणची चावीची एक पत्र्याची मोटार होती. आत्याने ती पाहिली, क्षणभर उराशी धरली आणि पितळेची समई घासावी तशी चिंच लावून काथ्याने लख्ख घासली. मोटार चमकू लागली. मात्र चालकाचा छापील चेहरा, दारावरची सोनेरी रेघ आणि बुडाशी असलेली बारीक अक्षरे चोथ्याबरोबर न्हाणीत वाहून गेली. त्या वेळी मी शेजारी उभा राहून ‘वा’ म्हणालो होतो, हेही कबूल केले पाहिजे. पुढच्या पंधरा दिवसांत नेमक्या त्या चमकणाऱ्या जागांवर तांबूस गंज चढला.

जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला आणि अशा वस्तू पुन्हा बाहेर निघाल्या. शिवाय हल्ली जुनी पत्र्याची खेळणी ‘व्हिंटेज’ म्हणून ऑनलाइन विकायला ठेवलेली दिसतात, त्यामुळे ‘आमच्याकडेही एक आहे, तिचे काय करावे?’ असा प्रश्न ओळखीची माणसे विचारू लागली आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या पत्र्यापासून सुरू करावे लागते.

पत्रा म्हणजे कल्हई केलेले लोखंड

खेळण्यांचा पत्रा हा साधा लोखंडी पत्रा नसतो. पोलादाच्या, आणि त्याआधीच्या काळात लोखंडाच्या, पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी कथलाचा अत्यंत पातळ थर चढवला की हा पत्रा तयार होतो. ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. भाता मारून तापवलेले पातेले, त्यात टाकलेला नवसागर, पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेली कथलाची रुपेरी झिलई : तेच काम कारखान्यात लोखंडाच्या पत्र्यावर होत असे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे बहुतेक धातूंपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत. त्यामुळे वितळलेल्या कथलात पत्रा बुडवून काढणे ही जुनी रीत सोपी पडे. विजेच्या साहाय्याने थर चढवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. खेळण्याचा पत्रा साधारण पाव मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावरचा कथलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. भारतात असा पत्रा बनवण्यासाठी जमशेदपूरजवळच्या गोलमुरीला १९२० मध्ये कंपनी स्थापन झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. घराच्या छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. त्यावर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला बराच काळ वाचवते. कथलाचा स्वभाव तसा नाही. ते जोवर अखंड आहे तोवर रेनकोटासारखे लोखंडाला झाकून ठेवते. पण एकदा ते फाटले आणि तेथे ओलावा पोहोचला की कथील आणि लोखंड मिळून एक अतिसूक्ष्म बॅटरीच तयार होते आणि त्या बॅटरीत खर्ची पडते ते लोखंड. म्हणजे कथलाचा थर खरवडलेल्या जागी कथलाच्या शेजारामुळेच लोखंड अधिक वेगाने गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो आणि आजूबाजूचा शाबूत रंगही आपल्याबरोबर उचलून टाकतो. आत्याच्या मोटारीवर गंज चमकणाऱ्या जागीच का चढला, याचे हे उत्तर आहे.

चित्र पत्र्यावर आले कसे?

जुन्या पत्र्याच्या खेळण्यावरचे रंग बहुतेक वेळा कुंचल्याने दिलेले नसून छापलेले असतात. एकोणिसाव्या शतकात शिळाछापाची पद्धत युरोपात सर्वत्र होती. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग छापाची शाई फक्त तेलकट भागाला चिकटते आणि त्यावर कागद दाबला की चित्र उमटते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी घरोघरी गेल्या, त्या याच पद्धतीच्या होत्या. परंतु दगड टणक आणि पत्राही टणक. दोन टणक वस्तू एकमेकींवर दाबल्या तर छाप नीट उठत नाही. यावर इंग्लंडमधील रॉबर्ट बार्कले याने १८७५ मध्ये पेटंट घेऊन तोडगा काढला : चित्र आधी मध्ये असलेल्या रुळाच्या पृष्ठभागावर घ्यायचे आणि तेथून पत्र्यावर उतरवायचे. रुळावर सुरुवातीला खास पुठ्ठा असे, पुढे रबर आले. आज वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि शाळेची पुस्तके ज्या ऑफसेट पद्धतीने छापली जातात, तिचे मूळ हेच आहे. ही युक्ती आधी बिस्किटांच्या डब्यांसाठी पत्र्यावर आली आणि कागदावर ती विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचली, हे छपाईच्या धंद्यातल्या पुष्कळ माणसांनाही नवे वाटते.

खेळणी बनवण्याचा क्रम उलटा वाटावा असा होता. आधी सपाट पत्र्यावर मोटारीची दारे, खिडक्या, चाकांच्या आऱ्या आणि आत बसलेली माणसे असे सगळे छापायचे, मग तो पत्रा साच्यात दाबून, कापून, वाकवून मोटार करायची. जेथे पत्रा खोल दाबला जाई तेथे चित्र ताणले जाई, म्हणून छापताना ते मुद्दाम वाकडे काढावे लागे, म्हणजे दाबल्यावर ते सरळ दिसे. सपाट पत्र्यावरचा तो विचित्र चेहरा काढणाऱ्या कारागिराचे मला राहून राहून कौतुक वाटते. भाग जोडण्यासाठी एका तुकड्याला छोट्या जिभा आणि दुसऱ्याला खाचा असत. जीभ खाचेतून ओवून वाकवली की झाले. या जिभा दोन-चार वेळा उघडल्या-मिटल्या की तुटतात, म्हणून ‘आत काय आहे ते जरा उघडून पाहू’ हा मोह जुन्या खेळण्याच्या बाबतीत महागात पडतो.

न्यूरेंबर्गहून जत्रेपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उद्योगाचे केंद्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर होते. तेथील बिंग ही कंपनी, गॉपिंगनची १८५९ साली सुरू झालेली मेर्कलिन, ब्रँडनबर्गची १८८१ सालची लेहमान ही नावे आज संग्राहकांच्या तोंडी असतात. जर्मन माल मुंबई बंदरातून हिंदुस्थानात उतरे आणि पुढे जपानी मालही येऊ लागला. दोन महायुद्धांनी ही सारी साखळी तोडली. खेळण्याचा पत्रा आणि तोफगोळ्यांची सामग्री एकाच भट्टीतून येते. १९४२ च्या आरंभी कथलाची मोठी खाण असलेला मलाया जपानने जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेत धातूची खेळणी बनवणे बंद करण्यात आले. युद्धानंतर पराभूत जपानमध्ये कारागिरांनी अमेरिकी सैन्याने टाकलेले रिकामे डबे कापून, उलटे करून, त्यांपासून मोटारी बनवल्या. अशा खेळण्याच्या आतल्या बाजूला मूळ डब्याची छपाई अजूनही दिसते. आपल्याकडेही रॉकेलचे, तेलाचे आणि बिस्किटांचे डबे कापून शिट्ट्या, भिरभिरी आणि टकटक करणारे बेडूक बनत. दिल्ली-कोलकात्यापासून आपल्या जत्रांपर्यंत ही चाल सारखीच होती. प्लॅस्टिक स्वस्त झाल्यावर, १९६० नंतरच्या दोन दशकांत, पत्रा हळूहळू मागे पडला.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीची खंडोबाची यात्रा, तासगावचा रथ : या ठिकाणी ज्यांचे लहानपण गेले, त्यांच्या स्मरणात पाण्याच्या परातीत गोल गोल फिरणारी, फटफट आवाज करणारी पत्र्याची आगबोट हमखास असते. तिच्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या खेळण्यात किती गोष्टी दडलेल्या असतात ते तिच्यातून उत्तम कळते.

फटफट आगबोटीचे गुपित

या बोटीचे पहिले पेटंट थॉमस पियो याने १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. तिच्या पोटात पत्र्याची एक चपटी डबी असते आणि डबीपासून दोन बारीक नळ्या मागच्या बाजूने पाण्याखाली निघतात. नळ्यांतून डबीत पाणी भरायचे आणि डबीखाली तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा. पाण्याची वाफ होते, वाफ नळ्यांतील पाणी जोराने मागे फेकते आणि बोट पुढे सरकते. पाणी बाहेर जाताना आपल्याच वेगाने थोडे जास्त पुढे जाते, आत दाब घटतो, वाफ थंड भागाला लागून विरते आणि पाणी पुन्हा आत ओढले जाते. सेकंदाला अनेक वेळा हे चालू राहते आणि डबीचे पातळ झाकण आत-बाहेर होऊन आवाज करते.

येथे चौकस मूल विचारेल की जेवढे पाणी बाहेर गेले तेवढेच आत आले, तर बोट मागे-पुढे डोलत का राहत नाही? मेणबत्ती फुंकर मारून विझवता येते, पण श्वास आत ओढून विझवता येत नाही, हे करून पाहावे. फुंकर एका दिशेने धार होऊन जाते. आत ओढलेली हवा सर्व बाजूंनी येते. पाण्याचेही तसेच. बाहेर जाणारी धार एका दिशेची, आत येणारे पाणी चहूकडचे, म्हणून एकूण धक्का पुढेच बसतो.

डबीचे सांधे डाखलेले असतात. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या पुढे वितळू लागतो. डबीत पाणी असेपर्यंत ती शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पण पाणी संपले की सांधे सुटतात आणि बोट कायमची गप्प होते. जत्रेतला विक्रेता ‘आधी पाणी भरा, मगच वात लावा’ असे बजावत असे ते याच कारणाने. म्हणून बंद पडलेल्या बोटीचा सुटलेला सांधा हासुद्धा पुरावाच असतो : कोणा मुलाने ती मन लावून, जरा जास्तच वेळ, चालवली होती.

खेळणे वाचायचे कसे?

जुन्या वस्तूचा अभ्यास म्हणजे तिच्याकडून साक्ष घेणे. खेळणे नुसते हातात धरले तरी पुष्कळ कळते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे; पितळ किंवा ॲल्युमिनियम असेल तर चिकटत नाही. बुडाशी किंवा चाकांच्या आड बारीक अक्षरांत लिहिलेले पाहावे. ‘डी. आर. जी. एम.’ ही जर्मन नोंदणीची खूण असून ती १८९१ पासूनची आहे. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे शब्द असतील तर ते खेळणे १९४७ ते १९५२ या काळातले. ‘यू. एस. झोन जर्मनी’ म्हणजे युद्धानंतरची पहिली काही वर्षे आणि ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ नंतर. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला, त्यामुळे ‘आजोबांच्या आजोबांचे’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खेळण्यात तो दिसला तर एकतर दुरुस्ती झाली आहे किंवा गोष्ट रचलेली आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली जुन्या शिळाछापाचे रंग हाताने टाकल्यासारखे असमान ठिपके दाखवतात; अलीकडच्या नकलांवर ठिपके जाळीसारखे सारख्या ओळीत बसलेले असतात. अशा नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्यांना मुद्दाम गंज चढवण्याची कलाही अवगत असलेले लोक आहेत.

आत्याने घासून टाकलेली ती बुडाची अक्षरे काय होती, हे आता कधीच कळणार नाही. त्यामुळे मोटार जर्मन की जपानी की मुंबईत बनलेली, ती युद्धापूर्वीची की नंतरची, हे सर्व प्रश्न अनुत्तरित राहिले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता महापुराने तिचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक त्या अर्ध्या तासाने केले.

‘हा परदेशी कारखान्याचा माल, आपला वारसा कसा?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नुसत्या भावनेने उत्तर देता येणार नाही. पत्र्याचे खेळणे हातकारागिरीचे नाही, हजारांच्या संख्येने निघालेले आहे आणि बरेचदा परदेशी आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखे ते एखाद्या गावाचे नाव सांगत नाही. कायद्यानेही त्याला संरक्षण नाही, कारण १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार कलाकुसरीची वा ऐतिहासिक वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असेल तरच ती पुरावस्तू ठरते आणि बहुतेक पत्र्याची खेळणी अजून त्या वयाला पोहोचलेली नाहीत.

परंतु वस्तू कोठे बनली याइतकेच ती कोठे वापरली गेली हेही महत्त्वाचे असते. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती आणि कुलपे जमवायला सुरुवात केली तेव्हा अडकित्ता हा कोणाला वारसा वाटत नव्हता. आज त्यांचे वीस हजारांहून अधिक वस्तूंचे संग्रहालय पाहायला लोक तिकीट काढून जातात. आपल्या सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात देशी चित्रांच्या शेजारी युरोपीय कलावस्तूही आहेत, आणि त्या औंधच्या नाहीत असे कोणी म्हणत नाही. चावीची मोटार सांगलीतल्या मुलाच्या हातात आली तेव्हा त्याने खरी मोटार कितीदा पाहिली असेल? त्याच्या मनात यंत्र, वेग आणि शहर यांचे पहिले चित्र याच पत्र्याने रेखले. व्यापाराचा इतिहास, छपाईचा इतिहास आणि बालपणाचा इतिहास एकाच वस्तूत सापडणे दुर्मीळ असते.

जगात या गोष्टीची दखल पूर्वीच घेतली गेली आहे. न्यूरेंबर्गचे खेळणी संग्रहालय १९७१ मध्ये सुरू झाले, योकोहामा येथे तेरुहिसा किताहारा यांचे पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालय १९८६ मध्ये. जुन्या खेळण्यांत काळ्या वर्णाच्या माणसांची कुचेष्टा करणारी, वसाहतींतील लोकांना विदूषक बनवणारी खेळणीही आहेत. ती जपणे म्हणजे त्यांचा गौरव करणे नव्हे; मुलांच्या हाती त्या काळी काय दिले जात होते याची ती साक्ष आहे, आणि तिच्याशेजारी तसा खुलासा लिहिलेला असला पाहिजे.

‘मग नव्यासारखे रंगवून का घेऊ नये?’

येथे एकच पारिभाषिक शब्द समजून घ्यावा : संवर्धन. वस्तूची झीज थांबवणे, त्यासाठी कमीत कमी ढवळाढवळ करणे आणि जे काही लावायचे ते पुढे कोणालाही काढता येईल असे ठेवणे, याला संवर्धन म्हणतात. वस्तू नव्यासारखी दिसावी म्हणून रंग देणे, चाके बदलणे, गंज घासून पॉलिश करणे हे त्यात बसत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचे जुने नक्षीकाम खरवडून त्यावर नवे चढवले तर तो तंबोरा नवा दिसेल, पण जाणकार त्याला जुना म्हणणार नाही.

शिवाय ओरखडे नेहमी दोष असतात असे नाही. मोटारीचा डावा कोपरा दबला आहे, कारण ती दर वेळी उंबऱ्यावर एकाच जागी आदळे. चावीभोवतीचा रंग बोटांनी घासून गेला आहे. ही खेळल्याची खूण पुसली की मागे उरतो तो दुकानातला एक नमुना. म्हणून संग्रहालयांतील संवर्धक मऊ ब्रशने धूळ काढतात, चिकट मळ निघावा म्हणून आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घेतात आणि शेवटी लागलेच तर मेणाचा किंवा ॲक्रिलिक राळेचा पातळ, परत काढता येणारा थर देतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात असे कला संवर्धन केंद्र आहे. एखादे खेळणे खरोखरच दुर्मीळ वाटत असेल तर घरी प्रयोग करण्यापेक्षा अशा जाणकारांचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

घरी करता येण्याजोगे

गंजाला लोखंड लागते, प्राणवायू लागतो आणि पाणी लागते. पहिले दोन आपण काढून टाकू शकत नाही; ओलावा मात्र आवरता येतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे ते प्रमाण, साठच्या वर गेले की लोखंडाचा गंज झपाट्याने वाढतो. पन्नासच्या खाली ठेवले तर तो फारच मंदावतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास; तेव्हा तीच मोटार म्हसवडच्या माळ्यावर जी दोन पिढ्या टिकेल, ती महाबळेश्वरच्या कपाटात चार पावसाळ्यांत खराब होऊ शकते. सांगली-साताऱ्यात खरी काळजी जून ते ऑक्टोबर याच महिन्यांत घ्यायची असते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. झाकण घट्ट बसणाऱ्या, पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या डब्यात, आम्लमुक्त पातळ कागदात सैल गुंडाळून खेळणे ठेवावे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पुड्या ओलावा पिऊन भरल्या की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, ते डब्यातच ठेवावे. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, कारण तो आम्लधर्मी असतो. पीव्हीसीची पिशवी, नवी प्लायवुडची कपाटे आणि डांबरगोळ्याही टाळाव्यात, कारण त्यांतून निघणारी वाफ धातूला आणि रंगाला सोसत नाही. खेळण्याला सेल्युलॉइडची बाहुली किंवा रबरी टायर असतील तर ते भाग शक्य तितके वेगळे ठेवावेत, कारण सेल्युलॉइड विरताना त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ निघते. हात लावताना हातमोजे घालावेत. घामातील मीठ बोटांच्या ठशांच्या आकारात गंज उठवते, आणि तसे ठसे मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

चावी पूर्ण देऊ नये. जुनी स्प्रिंग थकलेली असते आणि ती तुटली की आतली दातेरी चाकेही मोडते. चावी दिलेल्या अवस्थेत खेळणे वर्षानुवर्षे ठेवणेही वाईट. स्प्रिंग सैल करून ठेवावी.

पुरात भिजलेले खेळणे असेल तर चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने तो निघू द्यावा, न घासता. नंतर सुती कापडाने पाणी टिपावे, आत साचलेले पाणी खेळणे सावकाश कलते करून ओतून काढावे आणि सावलीत पंख्याखाली वाळवावे. ऊन, गॅसची शेगडी आणि केस वाळवायचे यंत्र या तिन्ही गोष्टी घाईच्या, आणि घाई रंग उचलते.

मुलांना खेळायला द्यावे का?

याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. जुन्या रंगांत आणि डाखकामात शिसे असू शकते, आणि शरीरात शिसे जाण्याची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्र्याच्या कडाही कापतात. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, हस्तकलेच्या काही नोंदणीकृत वस्तूंना त्यात सूट आहे. हा नियम मुलांच्या हिताचाच आहे, आणि तो कडक असावा असे माझे मत आहे. मात्र त्यामुळे जत्रेतला पत्रा उरला-सुरला असेल तो बाजारातून जाणार हेही खरे. म्हणूनच त्याची नोंद आता करून ठेवायची.

‘फोटो काढला की झाले ना?’

फोटो हवाच, सहाही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. पण फोटोत वजन येत नाही, पत्र्याचा वास येत नाही आणि चावी दिल्यावरची घरघर येत नाही. आवाजाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करता येते, आणि ते करताना स्प्रिंगला अर्धा फेराच द्यावा. त्याबरोबर नोंदवही ठेवावी : खेळणे कोणी, कोठून, कधी आणले, त्यावेळी किंमत काय पडली, कोणकोण त्याच्याशी खेळले, दुरुस्ती झाली असेल तर कोणती. हे सांगणारी माणसे वस्तूपेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे वहीचे काम सिलिका जेलच्याही आधी करण्याजोगे आहे. आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात. कोणती खरी ते ठरवण्याची घाई करू नये.

आमच्या मोटारीची नोंद मी गेल्या वर्षी केली. लांबी, रुंदी, वजन, चुंबकाची चाचणी, दबलेला कोपरा, गंजाच्या जागा आणि त्यांची तारीखवार छायाचित्रे असे सारे लिहून शेवटी ‘ऑगस्ट २०१९ मध्ये पुरानंतर चिंच लावून घासली’ असे वाक्य घातले आणि वही आत्याला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, ‘चिंच कुठली आली त्या चिखलात? घरातली चिंच तर सगळी भिजून गेली होती. शेजारच्या वहिनींनी आमसुले दिली होती, तीच लावली मी.’ मी ‘चिंच’ या शब्दावर एक रेघ ओढली, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि वर ‘आमसूल’ लिहिले.